सेवा दलाचे समूहगान आणि पनवेलचा मुलूख

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली या गावी झाला आणि १८८३ च्या फेब्रुवारीत, स्वदेशापासून समुद्रापलीकडे, एडनच्या तुरुंगात त्यांच्या आयुष्याची अखेर झाली. त्यापुढे कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे रान ओलांडले की तारा हे गाव येते, जेथे मुंबईचे एके काळचे महापौर युसूफ मेहेरअली यांच्या नावाने उभारलेले केंद्र आहे. आणि याच डोंगररांगेच्या पश्चिमेस, उरणच्या बाजूला, चिरनेर आहे, जेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगलाचा कायदा मोडण्यासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या आगरी, कोळी आणि कातकरी सत्याग्रहींवर बंदुका झाडण्यात आल्या. अशा ज्या मुलखात दहा-वीस मैलांच्या आत स्मरण करण्याजोगी इतकी माणसे आहेत, त्या मुलखाला आपल्या मृतांचे स्मरण कोणत्या स्वरात करावे, हा प्रश्न कधी ना कधी पडणारच. प्रस्तुत स्मरणिकेसाठी राष्ट्र सेवा दलाच्या समूहगायनाचा वृत्तांत लिहिताना मनासमोर सतत हाच प्रश्न आहे. कारण माझ्या समजुतीप्रमाणे त्या प्रश्नाला महाराष्ट्रात जी थोडी प्रामाणिक उत्तरे मिळाली, त्यांतील एक या गाणाऱ्या संस्थेने दिले आहे.

सेवा दलाची स्थापना ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. एस. एम. जोशी हे पहिले दलप्रमुख. नानासाहेब गोरे, शिरुभाऊ लिमये आदी त्यांचे सहकारी बहुतेक समाजवादी पक्षातले, तुरुंगांतून तावूनसुलाखून निघालेले आणि जातीपातींच्या व धर्मांच्या नावाने तरुण मुलांची मने ज्या वेगाने एकमेकांपासून तोडली जात होती तो वेग पाहून मनोमन अस्वस्थ झालेले असे होते. संध्याकाळच्या शाखेत सर्व जातिधर्मांची मुले आणि मुलीही एकत्र यावीत, खेळ व कवायत व्हावी, थोडे बौद्धिक व्हावे आणि गाणी म्हणावीत, असा त्यांचा साधा क्रम. हा क्रम कागदावर पाहिला तर गाणी शेवटी येतात आणि एखाद्या चिकित्सक वाचकाला ती शोभेपुरती वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांनी शाखा पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की बौद्धिकातले मुद्दे वर्षभरात विसरून जात, खेळांतले डाव दुसऱ्या पिढीला आठवत नसत, मात्र गाणी पन्नास-साठ वर्षांनंतरही तोंडात तशीच राहत.

ती शिकविण्याची रीत येथे नमूद करून ठेवणे अगत्याचे वाटते, कारण संस्थांच्या इतिहासात ठराव आणि पदाधिकारी यांची दप्तरे जपली जातात आणि अशा गोष्टी मात्र नोंदीवाचून निसटून जातात. शिकविणारा पेटी घेऊन बसे. पेटी नसली तर नुसत्या डफावर किंवा खंजिरीवरही काम भागे. तो एक ओळ म्हणे, सगळे ती उचलत. चुकली तर तीच पुन्हा. शब्द पाठ होईपर्यंत चाल पुढे नेली जात नसे. खरी अडचण पट्टीची. पुरुषाचा स्वर साधारणपणे काळी एकला मोकळा होतो आणि बायकांचा काळी चार किंवा काळी पाचला. दोघांना एकाच वेळी गायचे तर पांढरी चारसारखी मधली जागा धरावी लागते, जेथे मुलींना खालचे स्वर किंचित जड जातात आणि मुलग्यांची वरच्या पंचमाशी पोहोचताना दमछाक होते. ज्याचा गळा उत्तम, त्याला ही तडजोड सर्वांत अधिक जाचते. कारण त्याला आपली हरकत, आपली मुरकी, आपली फिरत बाजूला ठेवून शेजारच्या बेसूर मुलाला सांभाळून घ्यावे लागते. आपल्या संगीताची सारी थोरवी एकट्याच्या गायनात आहे. ख्याल असो, ठुमरी असो, नाट्यपद असो, तेथे एकाचे गाणे आणि बाकीच्यांचे ऐकणे. भजनी मंडळे आणि वारीतल्या दिंड्या यांनी मात्र सर्वांनी मिळून म्हणण्याची रीत शतकानुशतके राखली होती, आणि सेवा दलाने आपली गायनपद्धती उभारली ती याच पायावर, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

या गायनाला जो आत्मा लाभला तो साने गुरुजींचा. पालगडच्या या कोकणी माणसाने १९३० साली अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात इतर प्रांतांतील बंद्यांच्या सहवासात तो तमिळ शिकला आणि तिरुक्कुरळचा मराठी अनुवाद त्याने केला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचने त्याने शब्दशः उतरून घेतली. आणि नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. ज्यांना तुरुंगाने कडवट केले अशी माणसे पुष्कळ होऊन गेली. गुरुजींच्या ठिकाणी उलट घडले. परप्रांतीयांच्या भाषांबद्दलचे त्यांचे प्रेम तेथेच वाढले आणि त्यातूनच पुढे आंतरभारतीची कल्पना निघाली, जी त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. त्यांनी रचलेली सर्व मानवांवरील प्रेमाची प्रार्थना महाराष्ट्रातील असंख्य शाळांत आणि सेवा दलाच्या प्रत्येक शिबिरात म्हटली गेली. तिच्या चालीत कोणतीही कारागिरी नाही, पाच वर्षांच्या मुलालाही ती पहिल्याच दिवशी म्हणता येते. आणि माझे असे स्पष्ट मत आहे की, समूहगानाच्या दृष्टीने रचनाकाराची याहून मोठी सिद्धी दुसरी नाही.

१९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला, आणि मे महिन्यात त्याच पंढरीत उपोषण आरंभिले. या दौऱ्यात सेवा दलाच्या गाणाऱ्या तरुणांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. गावच्या पारावर आधी गाणी होत, माणसे गोळा होत, मग गुरुजी बोलत; आणि जेथे भाषणाला विरोध व्हावयाचा तेथेही गाण्याला सहसा विरोध होत नसे, कारण ज्या अभंगपरंपरेच्या नावाने मंदिराचे दार बंद ठेवले जात होते तिच्याच चालींतून ते उघडण्याची विनंती केली जात होती. उपोषण दहा दिवस चालले आणि मंदिर उघडले. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला होता याची लाज आणि हत्येनंतर या प्रांतात निरपराध घरांची जी जाळपोळ झाली तिचे दुःख, ही दोन्ही एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आली त्यांत गुरुजी होते. त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्या मृत्यूविषयी फार लिहिण्याचे धैर्य मला होत नाही. इतकेच म्हणतो की ज्याच्या स्मरणार्थ गावयाचे तो माणूस जेव्हा असा जातो, तेव्हा पोवाड्यातला जोश आणि विजयघोष निरुपयोगी ठरतात. सेवा दलाच्या गायनात त्या काळानंतर जे मार्दव दिसते त्याचा उगम या दुःखात असावा असे मला नेहमी वाटत आले आहे.

गुरुजींच्या पाठोपाठ तीनच आठवड्यांनी, २ जुलै १९५० रोजी, युसूफ मेहेरअली गेले. वय अवघे ४६ वर्षांचे. १९२८ साली सायमन कमिशनला 'परत जा' म्हणणारी इंग्रजी घोषणा त्यांची, आणि 'भारत छोडो' या मागणीचे सुटसुटीत इंग्रजी रूपही त्यांनीच सुचविले. १९४२ साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव निघाले तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. त्यांच्याविषयीची एक गोष्ट पनवेलच्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी अशी आहे. तुरुंगात हृदयविकाराचा झटका आल्यावर सरकारने त्यांना मुंबईतील इस्पितळात हलविण्याची तयारी दाखविली. त्यावर मेहेरअलींनी आपल्याबरोबरच्या दोन आजारी बंद्यांनाही तीच सवलत मिळावी अशी मागणी केली, ती नामंजूर झाली, आणि मग त्यांनी स्वतःसाठीचीही सवलत नाकारली. त्यांची प्रकृती पुन्हा कधी सुधारली नाही. त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुंबईतील आगगाड्या, ट्राम आणि बसगाड्या काही मिनिटे जागच्या जागी थांबल्या. एक मुसलमान समाजवादी, फाळणीनंतर तीनच वर्षांनी, आणि त्याच्यासाठी सारे शहर थांबते, ही घटना आपल्या स्मृतीतून इतकी पुसट का व्हावी हे मला उमगत नाही.

ही स्मृती पनवेल तालुक्यात आली ती १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली केंद्राच्या रूपाने. या केंद्राचे प्राण डॉ. जी. जी. पारीख. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवरील अधिवेशनाला हजर राहिलेला आणि त्यापायी वरळीच्या तात्पुरत्या तुरुंगात दहा महिने काढलेला हा विद्यार्थी पुढे डॉक्टर झाला, मुंबईत दवाखाना चालवू लागला, आणि तारा येथील कामात त्याने आपले उरलेले सर्व आयुष्य घातले. दवाखाना, शाळा, आदिवासी मुलांची वसतिगृहे, तेलघाणी, साबण आणि मातीकाम यांचे ग्रामोद्योग अशी कामे तेथे एकामागून एक उभी राहिली. मेहेरअलींचा पुतळा उभारून काम संपले असे मानणे सोपे होते. घाणीवर तेल काढणे आणि कातकऱ्यांच्या तापाला औषध देणे हे त्याहून कितीतरी किचकट काम डॉक्टरांनी स्मारक म्हणून पत्करले, ही त्यांच्या स्मरणबुद्धीची खूण. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, वयाची शंभरी ओलांडून डॉक्टर गेले. सेवा दल आणि हे केंद्र या दोन निराळ्या संस्था, त्यांचे हिशेब निराळे, त्यांचे विश्वस्त निराळे. परंतु एका जातकुळीची माणसे दोहोंकडे, आणि म्हणून साने गुरुजी व मेहेरअली यांच्या स्मृतिदिनांमधले हे तीन आठवडे, ऐन मृगाच्या आणि आर्द्रांच्या पावसातले, या मुलखात एकत्रच आठवावेत हे मला स्वाभाविक वाटते.

आता कलापथकाविषयी. सेवा दलाचे कलापथक स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत आकारास आले आणि वसंत बापटांसारखा कवी, लीलाधर हेगड्यांसारखा खड्या आवाजाचा गायक, सुधाताई वर्द्यांसारख्या नृत्याच्या जाणकार त्याला मिळाल्या. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' हे त्याचे कार्यक्रम गाजले. पु. ल. देशपांड्यांनी त्याच्यासाठी 'पुढारी पाहिजे' हे वगनाट्य लिहून दिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके या पुढे सर्वश्रुत झालेल्या नटांची उमेदवारी येथेच झाली आणि लहानग्या स्मिता पाटीलचे पाय प्रथम याच रंगमंचावर थिरकले. निळूभाऊ तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. महिना ८० रुपये पगार, त्यांतले १० रुपये ते सेवा दलाला देत. ही नोंद कोणत्याही मानपत्रापेक्षा मला मोलाची वाटते. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कलापथकाला जसजसे यश मिळत गेले तसतसे गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग पुन्हा पडू लागले. रंगमंचावर प्रकाश आला आणि मैदानावरच्या मुलांकडून गाणी बसवून घेण्याचे निरलस काम मागे पडले. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. यशस्वी कार्यक्रमांचे आमंत्रण नाकारणे कोणत्याही संस्थेला जड जाते.

समूहगानाचे मूळ व्रत पुढे चालविणाऱ्यांत ज्यांचे नाव आग्रहाने घेतले पाहिजे ते संगीतकार वसंत देसाई सेवा दलाचे पदाधिकारी नव्हते, पण त्यांची वाट याच वाटेला समांतर होती. कुडाळजवळच्या सोनवडे गावात १९१२ साली जन्मलेला हा माणूस प्रभात कंपनीत हरकाम्या म्हणून शिरला आणि अखेरीस हिंदुस्थानातील नामांकित संगीत दिग्दर्शकांत गणला गेला. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' या १९५३ च्या चित्रपटाला संगीत त्यांचेच, व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' मधील, कैद्यांच्या तोंडी घातलेली आणि नंतर देशभरच्या शाळांनी उचललेली प्रार्थनाही त्यांचीच. उत्तरायुष्यात त्यांनी शाळाशाळांतून मुलांना समूहगान शिकविण्यासाठी अतोनात कष्ट घेतले. परंतु मला येथे निराळी हकीकत नोंदवायची आहे. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या वर्धापनदिनानिमित्त एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. त्या प्रसंगासाठी कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी 'मैत्रीं भजत' ही संस्कृत रचना मुद्दाम करून दिली होती. युद्ध सोडा, स्पर्धा सोडा, परक्यालाही आपल्यासारखे पाहा, असा तिचा आशय. तिची चाल बांधली वसंत देसाईंनी. अवघ्या जगाच्या प्रतिनिधींपुढे शांतीची प्रार्थना होते, तिचे शब्द तमिळ मुलखातील संन्याशाचे आणि चाल मालवणी मुलखातील एका चित्रपट-संगीतकाराची, यात गुरुजींची आंतरभारती कोणत्याही सभेच्या ठरावावाचून सिद्ध झाली होती. गुरुजी हे पाहावयास हवे होते.

युद्धात मेलेल्यांसाठी मिळून गाण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ रुजलेली आहे, आणि तिचे एक उदाहरण आपल्या गायकांनी अभ्यासावे असे आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांच्या बॉम्बवर्षावात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री शहराचे प्राचीन चर्च उद्ध्वस्त झाले. त्याच्या भग्न भिंती तशाच राखून शेजारी नवे चर्च बांधण्यात आले आणि त्याच्या उद्घाटनसोहळ्यासाठी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने 'वॉर रेक्विम' ही विशाल रचना केली. ३० मे १९६२ रोजी ती प्रथम सादर झाली. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेत त्याने पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेन या तरुण सैनिक-कवीच्या कविता गुंफल्या. तीन मुख्य गायकांपैकी एक इंग्रज, एक जर्मन आणि एक रशियन असावा अशी त्याची योजना होती. रशियन गायिका गलिना विष्णेवस्काया हिला तिच्या सरकारने त्या पहिल्या प्रयोगासाठी परवानगी दिली नाही आणि तिची जागा दुसऱ्या गायिकेने भरून काढली. परंतु जर्मन गायक दीत्रिख फिशर-दीस्काऊ, जो स्वतः हिटलरच्या सैन्यात होता आणि युद्धकैदी म्हणून राहिला होता, तो त्या शहरात आला आणि गायला. ज्यांच्या विमानांनी हे शहर जाळले त्यांच्यातला एक माणूस जळलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांच्याच शहरात स्वर लावतो, आणि ऐकणारे त्याला ऐकून घेतात. स्मरण आणि शांती यांची सांगड याहून कठीण परिस्थितीत कोणी घातली असेल असे वाटत नाही.

चिरनेरला याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट दरवर्षी घडते आणि आपण ती पाहूनही पाहत नाही. १९३० च्या त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी सत्याग्रही पडले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. आणि त्याच धुमश्चक्रीत मामलेदार जोशी यांचाही प्राण गेला. आज २५ सप्टेंबरला हुतात्म्यांच्या स्तंभासमोर पोलीसच मानवंदना देतात. ज्या खात्याच्या बंदुकांनी माणसे मारली त्याच खात्याच्या बंदुका आता त्यांच्यासाठी सलामीच्या फैरी झाडतात. या प्रसंगी गाणी होतात, भाषणे होतात. परंतु त्या दिवशी मेलेल्या सर्वांचे, सत्याग्रहींचे आणि मामलेदाराचेही, एकत्र नाव घेणारे एखादे समूहगान अद्याप माझ्या ऐकण्यात नाही. ते रचले गेले तर हुतात्म्यांच्या त्यागाला बाध येईल असे मला मुळीच वाटत नाही. कातकऱ्यांची स्वतःची गाणी, त्यांच्या ढोलकीचे ठेके, नाग्याच्या वाडीतील बायकांच्या तोंडच्या चाली यांनाही सेवा दलाच्या गायनसंग्रहात आजवर पुरेसे स्थान मिळालेले नाही. ज्या समाजातला हुतात्मा आपण गातो, त्या समाजाची चाल आपण घेत नाही, ही उणीव भरून काढली पाहिजे.

शेवटी एक विनंती, आणि तिच्यापायीच हा लेख लिहावयास घेतला होता. सेवा दलाच्या गाण्यांचे शब्द छापलेले आहेत. पुस्तिकांतून, वह्यांतून ते सापडतात. चाली मात्र बहुतांशी गळ्यांत आहेत, आणि ते गळे आता ऐंशी-नव्वदीत पोहोचले आहेत. एकाच गाण्याच्या पुण्याकडच्या आणि कोकणातल्या चालीत फरक पडत गेला, कोठे अंतरा लांबला, कोठे ठेका बदलला, आणि कोणती मूळची हे सांगू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पनवेल आणि नवी मुंबईत आज संगीताचे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी चार जणांनी जरी माणगाव तालुक्यातील वडघरच्या साने गुरुजी स्मारकात आणि ताऱ्याच्या केंद्रात जुन्या सेवा दल सैनिकांना बसवून, त्यांच्याकडून गाणी म्हणवून घेऊन, स्वरलिपीत उतरविली, ध्वनिमुद्रित केली आणि प्रत्येक गाण्याखाली ते कोणी, कोठे, कोणत्या शिबिरात शिकविले याची नोंद केली, तर पुढच्या पिढीला हाताशी काही राहील. काम वर्षा-दोन वर्षांचे आहे. त्यास लागणारा खर्चही फार नाही. पावसाळा उतरल्यावर, दिवाळीपूर्वी, ते सुरू करता येईल.